सिकलसेलची चाचणी झाल्यानंतर

महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात आनुवंशिक रक्तविकारांविषयी जी जागृती झाली आहे, तिचा बराचसा भाग ‘रक्त तपासून घ्या’ या आवाहनापाशीच थांबलेला दिसतो. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा आणि नागपूर हे विदर्भातील जिल्हे, अमरावतीतील मेळघाट आणि उत्तरेकडील नंदुरबार-धुळ्याचा सातपुड्यालगतचा पट्टा येथे सिकलसेल हा शब्द आता नवा राहिलेला नाही. आश्रमशाळांत, उपकेंद्रांत आणि शिबिरांत रक्त घेतले जाते आणि निष्कर्षाचे कागदही घरोघरी पोहोचतात. परंतु त्या कागदावरच्या दोन अक्षरांचा अर्थ काय, तो कोणाला सांगावा, कोणापासून राखावा आणि त्यानंतर आयुष्यात नेमके काय बदलावे किंवा बदलू नये, याचा उलगडा करणारे माणूस बहुतेक वेळा त्या कागदाबरोबर येत नाही. अर्थ न कळलेला अहवाल काही घरांत निष्कारण भीतीचे, तर काही घरांत मुलीचे लग्न मोडण्याचे निमित्त ठरतो. म्हणून प्रस्तुत विवेचनाचा भर चाचणीपेक्षा चाचणीनंतरच्या कामावर ठेवला आहे.

रक्ताला लाल रंग देणारे आणि फुफ्फुसांतील प्राणवायू शरीरभर पोहोचवणारे प्रथिन म्हणजे हिमोग्लोबिन होय. ते तांबड्या पेशींत असते आणि ते कसे घडावे याची सूचना प्रत्येकाला आईकडून एक व वडिलांकडून एक अशी दोन जनुकांच्या रूपाने मिळते. सिकलसेलमध्ये या सूचनेत एक अत्यंत लहान बदल झालेला असतो: हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत सहाव्या स्थानी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन हे अमिनो आम्ल येते. असे बदललेले हिमोग्लोबिन, ज्याला हिमोग्लोबिन-एस म्हणतात, प्राणवायू सोडल्यानंतर पेशीच्या आत लांब तंतू धरते आणि एरवी गोल व लवचीक असणारी पेशी ताठ होऊन विळ्यासारखी वाकते. निरोगी तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते, तर विळ्याच्या आकाराची पेशी १० ते २० दिवसांतच फुटते. रुग्णाचे रक्त सतत कमी राहते, डोळे पिवळे दिसतात आणि ताठ पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकल्या की त्या भागाचा रक्तपुरवठा तुटून असह्य वेदना होतात, त्या याच कारणाने. शिकागोचे डॉक्टर जेम्स हेरिक यांनी १९१० मध्ये अशा पेशींचे वर्णन प्रथम प्रसिद्ध केले, १९४९ मध्ये लायनस पॉलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दोष हिमोग्लोबिनच्या रेणूत असल्याचे दाखवले आणि भारतात १९५२ मध्ये निलगिरीतील आदिवासींमध्ये हा विकार आढळल्याची नोंद झाली.

हा विकार विशिष्ट प्रदेशांतच का साचला, याचे उत्तर मलेरियात आहे. ज्याच्याकडे एक सामान्य आणि एक सिकल असे मिश्र जनुक आहे, त्याला जीवघेण्या मलेरियापासून बऱ्याच अंशी संरक्षण मिळते, हे अँथनी ॲलिसन यांनी १९५४ मध्ये आफ्रिकेतील निरीक्षणांवरून मांडले. दाट जंगलाच्या आणि मलेरियाच्या मुलखात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या समाजांत म्हणून हे जनुक टिकून राहिले. गावात हे सांगणे उपयोगाचे ठरते, कारण ‘आमच्याच रक्तात खोट का’ या प्रश्नाला त्यातून दोषारोपाविना उत्तर मिळते. मात्र त्यावरून हा केवळ आदिवासींचा आजार आहे असा निष्कर्ष काढणे चूक आहे. विदर्भात तो अनुसूचित जातींत आणि इतर मागासवर्गीय समाजांतही पुष्कळ आढळतो, आणि ‘आमच्यात तो नसतो’ या समजुतीमुळे अशा कुटुंबांतील निदान अनेकदा उशिरा होते.

आता अहवालावरच्या अक्षरांकडे वळावे. ‘एए’ म्हणजे दोन्ही जनुके सामान्य. ‘एएस’ म्हणजे एक सामान्य व एक सिकल, आणि अशी व्यक्ती वाहक होय. ‘एसएस’ म्हणजे दोन्ही जनुके सिकल असलेली, अर्थात रुग्ण व्यक्ती. वाहक हा आजारी नसतो, हे वाक्य जागृतीच्या कामात जितक्या वेळा सांगता येईल तितके सांगावे. त्याला औषध लागत नाही, शेतीकाम, शिक्षण, नोकरी यांत अडचण नसते, वाहकाचा पुढे रुग्ण होत नाही आणि वाहकपण स्पर्शाने, एका ताटात जेवल्याने किंवा रक्ताच्या डागाने कोणाला लागत नाही. अतिशय कठोर शारीरिक प्रशिक्षण किंवा खूप उंचावरचे वास्तव्य अशा प्रसंगी त्याने पाणी भरपूर प्यावे आणि डॉक्टरांना आपला अहवाल सांगून ठेवावा, एवढेच पुरेसे असते. वाहकपणाला खरे महत्त्व येते ते अपत्याच्या संदर्भात.

पती आणि पत्नी दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक गर्भधारणेत अपत्य रुग्ण असण्याची शक्यता २५ टक्के, वाहक असण्याची ५० टक्के आणि पूर्णतः सामान्य असण्याची २५ टक्के असते. एक वाहक व एक सामान्य असे जोडपे असेल तर सिकलसेलग्रस्त मूल जन्मत नाही, फक्त निम्म्या शक्यतेने वाहक जन्मते. एक रुग्ण व एक सामान्य असेल तर सर्व अपत्ये वाहक असतात आणि एक रुग्ण व एक वाहक असेल तर रुग्ण आणि वाहक यांची शक्यता निम्मी-निम्मी होते. हे गणित फलकावर चार बाळांचे चित्र काढून समजावण्याची रीत सर्वत्र रूढ आहे आणि तिच्यातूनच एक गैरसमज घट्ट झाला आहे: चारांपैकी एक रुग्ण, तेव्हा पहिले मूल रुग्ण निघाले की पुढची तीन सुखरूप, असा हिशेब लोक मांडतात. प्रत्यक्षात प्रत्येक गर्भधारणेत शक्यता नव्याने तीच राहते, आधीच्या बाळाचा नंतरच्या बाळाशी संबंध नसतो. दोघेही वाहक असलेल्या जोडप्याला दोन अपत्ये झाली तर किमान एक रुग्ण असण्याची शक्यता सुमारे ४४ टक्के आणि तीन अपत्ये झाली तर सुमारे ५८ टक्के होते; चार बाळांच्या चित्रापेक्षा हे दोन आकडे सांगणे अधिक प्रामाणिक ठरेल. गावाच्या पातळीवरही हिशेब मांडता येतो. ज्या समाजात दर १० माणसांत एक वाहक आहे, तेथे नात्याचा विचार न करता लग्ने झाली तर साधारण १०० जोडप्यांत एका जोडप्यात दोघे वाहक येतील. वाहकांचे प्रमाण पाचांत एक असेल तर हेच २५ जोडप्यांत एक होईल. मामाची किंवा आत्याची मुलगी करण्याची चाल असलेल्या कुटुंबांत, आजोबा-आजींपैकी कोणी वाहक असल्यास, ही शक्यता आणखी वाढते. मात्र नात्याबाहेर लग्न केले म्हणजे धोका संपला असे नाही, कारण त्या प्रदेशात ते जनुक नात्याबाहेरच्या घरांतही असतेच.

येथेच एक सामाजिक अन्याय स्पष्ट करणे भाग आहे. आजारी मूल जन्मले की दोष सुनेच्या माहेरावर टाकण्याची सवय सर्वदूर आहे; पण ‘एसएस’ अहवाल असलेल्या मुलाला एक सिकल जनुक आईकडून आणि दुसरे वडिलांकडूनच आलेले असते, म्हणजे असे मूल हे दोघांच्या समान वाट्याचा पुरावा असते. आशा सेविकेने किंवा समुपदेशकाने ही गोष्ट सासू, सासरे आणि नवरा यांच्यासमोर, एकदा नव्हे तर पुन्हापुन्हा, सांगायला हवी. उलट बाजूने, मूल रुग्ण आहे आणि वडिलांचा अहवाल सामान्य आला, असा पेच क्वचित उभा राहतो. अशा वेळी घरात संशयाला तोंड फुटण्याआधी दोन गोष्टी तपासाव्या: वडिलांची प्राथमिक चाचणी चुकलेली असू शकते, आणि वडील सिकलचे नव्हे तर बीटा थॅलेसेमियाचे वाहक असू शकतात. एक सिकल आणि एक बीटा थॅलेसेमिया जनुक एकत्र आले तरी मुलाला सिकलसेलसारखाच त्रास होतो, मात्र वडिलांच्या सिकलच्या प्राथमिक चाचणीत काहीच दिसत नाही. निश्चिती झाल्याशिवाय अशा अहवालावर एक शब्दही बोलू नये, असा दंडक आरोग्य कर्मचाऱ्यांनी पाळावा.

प्राथमिक चाचणी म्हणजे काय, हे त्यासाठी नीट समजून घ्यावे लागते. गावपातळीवर बहुधा विद्राव्यता (सोल्युबिलिटी) चाचणी केली जाते. बोटाच्या टोकातून घेतलेला रक्ताचा थेंब एका रासायनिक द्रावणाच्या नळीत टाकतात आणि काही मिनिटांनी नळीमागे काळ्या रेघांचा कागद धरतात. रेघा स्वच्छ दिसल्या तर हिमोग्लोबिन-एस नाही, द्रावण गढूळ होऊन रेघा झाकल्या गेल्या तर ते आहे, असा तिचा अर्थ. स्वस्त आणि झटपट असली तरी या चाचणीला मर्यादा आहेत. ती वाहक आणि रुग्ण यांत भेद करू शकत नाही, सहा महिन्यांखालील बाळांत ती फसवी ठरते कारण त्यांच्या रक्तात जन्मापूर्वीचे, गर्भातले हिमोग्लोबिन भरपूर असते, रक्त फार कमी असलेल्या व्यक्तीत किंवा नुकतेच रक्त चढवलेल्या रुग्णातही ती चुकू शकते, आणि थॅलेसेमियाचा तर तिला पत्ताच लागत नाही. म्हणून ‘सोल्युबिलिटी पॉझिटिव्ह’ हा निष्कर्ष अंतिम मानू नये; त्यानंतर इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी या नावाने ओळखली जाणारी, हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून मोजणारी चाचणी झालीच पाहिजे. अलीकडे वाहक आणि रुग्ण यांत तत्काळ फरक दाखवणाऱ्या पट्टीच्या चाचण्याही वापरात आल्या आहेत, तरी निश्चितीची गरज त्यांमुळे संपलेली नाही. दुसरा अहवाल येईपर्यंत कोणालाही ‘तू रुग्ण आहेस’ असे सांगणे ही साधी चूक नसून नुकसान आहे. याउलट, पहिल्या चाचणीनंतर दुसरा अहवाल मिळालाच नाही असे ज्यांच्या बाबतीत घडले आहे, त्यांनी तो प्राथमिक आरोग्य केंद्रात मागून घ्यावा.

केंद्र शासनाने १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून राष्ट्रीय सिकलसेल ॲनिमिया निर्मूलन अभियान सुरू केले. १७ राज्यांतील ० ते ४० वयोगटातील सुमारे ७ कोटी लोकांची तपासणी हे त्याचे लक्ष्य आहे आणि २०४७ पर्यंत हा विकार सार्वजनिक आरोग्याची समस्या म्हणून उरू नये, असे उद्दिष्ट ठेवले आहे. लक्ष्य तपासण्यांच्या संख्येत मोजले जात असल्यामुळे यंत्रणेचे लक्षही संख्येकडेच ओढले जाण्याचा धोका असतो आणि समुपदेशन, जे संख्येत नीट मोजता येत नाही, ते मागे पडते. या अभियानाचे यश गावाने मोजायचे असेल, तर किती वाहकांना आपला अहवाल स्वतःच्या शब्दांत सांगता येतो, हेच माप लावावे.

अहवाल सांगण्याची रीत हा म्हणूनच तपशिलाचा विषय आहे. तो एकांतात, त्या व्यक्तीला आणि अल्पवयीन असल्यास तिच्या पालकांना सांगावा. गोंडी, माडिया, कोरकू, भिली किंवा पावरी बोलणाऱ्या घरांत तो त्यांच्या बोलीत सांगणारी व्यक्ती बरोबर असावी, कारण ‘वाहक’ हा शब्द मराठी पाठ्यपुस्तकातला असून बोलीत त्याचा अर्थ आपोआप पोहोचत नाही. वाहकांच्या नावांची यादी ग्रामपंचायतीच्या फलकावर लावणे, शाळेच्या वर्गात नावे वाचणे किंवा गावाच्या व्हॉट्सॲप गटावर कागदाचे छायाचित्र टाकणे, हे हेतू कितीही चांगला असला तरी सर्वथा वर्ज्य मानावे. अशी यादी फुटली की तिचा भार मुलांपेक्षा मुलींवर अधिक पडतो.

विवाहाच्या प्रश्नावर जागृतीचे साहित्य ‘पत्रिका नको, रक्त जुळवा’ अशा घोषणांवर भर देते. घोषणा आकर्षक असली तरी ती वेळ चुकवते. साखरपुड्यापर्यंत बोलणी आल्यावर हाती आलेला अहवाल हा निर्णयाला मदत करत नाही, तर मोडतोडीला कारण होतो. तपासणी आठवी ते बारावीच्या वयात, शाळेत, आश्रमशाळेत किंवा वसतिगृहात झालेली असावी आणि तिचा अर्थ त्याच वेळी समजावलेला असावा, म्हणजे स्थळ पाहण्याच्या आधी ती माहिती त्या मुलामुलींच्या स्वतःच्या हाती असेल. वाहकाने वाहकाशी लग्न करू नये, असा सल्ला सर्वसाधारणपणे दिला जातो आणि तो योग्यच आहे. पण लग्न आधीच झाले असेल, किंवा दोघांनी सर्व जाणूनही ते करायचे ठरवले असेल, तर त्यांच्यासाठी वाट बंद होत नाही. गर्भधारणेच्या १० ते १२ आठवड्यांच्या सुमारास वारेच्या पेशींचा किंवा १५-१६ आठवड्यांनंतर गर्भजलाचा नमुना घेऊन गर्भाचे जनुक तपासता येते. या तपासण्या लिंगनिदानविरोधी कायद्यान्वये नोंदणीकृत केंद्रातच करता येतात आणि त्या कायद्याने हिमोग्लोबिनचे विकार शोधण्यासाठी त्यांना परवानगी दिली आहे. गर्भाचे लिंग सांगणे मात्र गुन्हाच राहते. पुढे काय करायचे हा निर्णय त्या जोडप्याचा, आणि गर्भपाताच्या बाबतीत कायद्याने तो त्या स्त्रीचा असतो. वेळेची मर्यादा लक्षात घेता दिवस राहिल्याचे कळताच, पहिल्या तपासणीच्या वेळीच, पती-पत्नी दोघांचे अहवाल आरोग्यसेविकेला दाखवणे आवश्यक आहे. केवळ गरोदर स्त्रीचे रक्त तपासून तिच्या पतीला सोडून देण्याची पद्धत निरर्थक आहे.

रुग्ण मुलाच्या घरातील काळजी हा जागृतीचा सर्वांत दुर्लक्षित, आणि जीव वाचवण्याच्या दृष्टीने सर्वांत मोलाचा भाग आहे. लक्षणे बहुधा सहा महिन्यांच्या वयानंतर दिसू लागतात, कारण तोवर गर्भातले हिमोग्लोबिन बाळाला सांभाळते. हातापायांच्या पंजांना दोन्हीकडे एकाच वेळी येणारी दुखरी सूज हे अनेकदा पहिले चिन्ह असते. तिला मुरगळणे किंवा वात समजून चोळण्यात दिवस घालवू नयेत. पुढे वारंवार कावीळ, फिकेपणा, हाडांत व सांध्यांत दुखणे, वाढ मागे पडणे, पायावर न भरणारी जखम आणि तरुण वयात खुब्याचा सांधा झिजून लंगडणे, असा क्रम दिसू शकतो. थंडी, शरीरातील पाणी कमी होणे, अतिश्रम आणि ताप ही वेदनेच्या झटक्याची मुख्य निमित्ते होत. त्यामुळे पूर्व विदर्भातील धानाची रोवणी, जिच्यात तासन्‌तास गार चिखलपाण्यात उभे राहावे लागते, आणि मे महिन्याच्या उन्हात तेंदूपत्ता तोडणे, ही दोन कामे रुग्णांसाठी विशेष जोखमीची आहेत. घरात अशी व्यक्ती असेल तर या हंगामात तिच्या वाट्याला बांधावरचे किंवा घराकडचे काम यावे, पाण्याची बाटली सतत जवळ असावी, भिजल्यास कपडे लगेच बदलावेत आणि रात्री पांघरूण पुरेसे असावे. शाळेत शिक्षकांनी अशा मुलाला वर्गात पाणी पिण्याची आणि वारंवार लघवीला जाण्याची मुभा द्यावी, कारण या विकारात मूत्रपिंड पाणी धरून ठेवण्यात कमी पडते. थंड पाण्याने आंघोळीची सक्ती आणि शिक्षा म्हणून मैदानावर पळवणे या दोन गोष्टी तर आश्रमशाळांच्या गृहपालांनी पूर्णपणे टाळाव्यात.

वेदना सुरू होताच भरपूर पाणी, विश्रांती, उबदार शेक आणि डॉक्टरांनी सांगितलेल्या मात्रेत पॅरासिटामॉल हा घरचा पहिला उपाय. बर्फ लावू नये. परंतु काही चिन्हे दिसताच घरगुती उपाय सोडून रुग्णालय गाठले पाहिजे: १०१ अंश फॅरनहाइट किंवा त्याहून अधिक ताप, छातीत दुखणे किंवा धाप लागणे, एकाएकी वाढलेला फिकेपणा, एका बाजूचा हात-पाय लुळा पडणे किंवा बोलणे अडखळणे, आकडी, मुलगा किंवा पुरुष रुग्णात लिंगाचा कित्येक तास टिकणारा वेदनादायक ताठरपणा, आणि औषधानेही न थांबणारी वेदना. रुग्णवाहिकेसाठी १०८ हा क्रमांक आहे. लहान मुलांत प्लीहा, म्हणजे पोटाच्या डाव्या बाजूला बरगड्यांखाली असणारा अवयव, अचानक रक्त साठवून फुगतो आणि काही तासांत मूल दगावू शकते. हे ओळखण्यासाठी आरोग्यसेविकेने आईचा हात धरून तिला डाव्या बरगडीखाली बोटे हलकेच दाबून प्लीहा चाचपायला शिकवावे. मूल आजारी असताना आईने ते रोज करावे आणि गाठ नेहमीपेक्षा खाली लागली तर विलंब न लावता निघावे. याच फुगलेल्या पोटावर मेळघाटात तापलेल्या लोखंडाचे चटके देण्याची, डंबा म्हणून ओळखली जाणारी प्रथा आहे आणि तिच्यामुळे मुलाचा जखमांचा व जंतुसंसर्गाचा त्रास वाढून रुग्णालयात जाण्याचा अमूल्य वेळ निघून जातो. भगत, भुमका किंवा पुजारी यांच्याविरुद्ध भाषणे देण्याने ही प्रथा थांबलेली नाही. त्यांनाच प्लीहा चाचपायला शिकवून ‘हे पोट डॉक्टरांचे’ असे सांगायला लावणे अधिक फलदायी ठरेल, कारण लोक आधी त्यांच्याकडेच जातात.

उपचारांत फॉलिक आम्लाची गोळी, लहान वयात पेनिसिलिन आणि न्यूमोकोकल लस यांना महत्त्व आहे, कारण प्लीहा निकामी झाल्याने काही जंतूंचा संसर्ग या मुलांना प्राणघातक ठरतो. लोहाच्या ‘रक्तवाढीच्या’ गोळ्या मात्र तपासणीविना चालू करू नयेत. या विकारात रक्त लोहाच्या अभावी नव्हे, तर पेशी फुटल्याने कमी होते आणि वारंवार रक्त चढवलेल्यांच्या शरीरात लोह आधीच साचत असते. हायड्रॉक्सीयुरिया हे औषध गर्भातल्या हिमोग्लोबिनचे प्रमाण वाढवून झटक्यांची आणि रक्त चढवण्याची वेळ कमी करते. त्याचा गुण दिसायला काही महिने लागतात, ते रोज घ्यावे लागते आणि पांढऱ्या पेशी व प्लेटलेट मोजण्यासाठी रक्ताची तपासणी ठरावीक अंतराने करावी लागते. हेच औषध काही कर्करोगांतही वापरतात, हे कुठून तरी ऐकून अनेक पालक ते परस्पर बंद करतात. देताना डॉक्टरांनीच ही गोष्ट आधी सांगून टाकली तर हा घोटाळा टळेल. अपत्याचा विचार करणाऱ्या स्त्री-पुरुषांनी हे औषध चालू असल्याचे डॉक्टरांना आवर्जून कळवावे. अस्थिमज्जा प्रत्यारोपणाने विकार मुळातून जाऊ शकतो, पण जुळणारा दाता, खर्च आणि धोका यांमुळे ते थोड्यांच्याच आवाक्यात आहे. सिकलसेल कायमचा बरा करण्याची हमी देणाऱ्या जडीबुटीच्या जाहिरातींवर पैसा घालवू नये.

इतर आनुवंशिक रक्तविकारांची तोंडओळखही ग्रामीण कार्यकर्त्यांना असावी. थॅलेसेमियात हिमोग्लोबिनच कमी तयार होते आणि तीव्र प्रकारात बाळाला आयुष्यभर दर काही आठवड्यांनी रक्त लागते. त्याचेही आनुवंशिक गणित सिकलसेलसारखेच आहे. जी-६-पी-डी या विकराच्या कमतरतेचे गडचिरोलीसारख्या मलेरियाच्या जिल्ह्यात खास महत्त्व आहे, कारण मलेरियावर दिल्या जाणाऱ्या प्रायमाक्विनने अशा व्यक्तीच्या तांबड्या पेशी फुटू शकतात. औषध चालू असताना लघवी काळपट-तपकिरी झाली तर गोळी थांबवून त्याच दिवशी केंद्र गाठावे. हिमोफिलियात रक्त नीट गोठत नाही, तो प्रामुख्याने मुलग्यांत दिसतो, आणि अशा मुलाला दंडात किंवा कमरेत इंजेक्शन देण्याआधी डॉक्टरांना विकाराची कल्पना दिलीच पाहिजे.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये सिकलसेल, थॅलेसेमिया आणि हिमोफिलिया या तिन्हींचा समावेश आहे. जिल्हा रुग्णालयातून प्रमाणपत्र घेतल्यास, विशेषतः ४० टक्के किंवा अधिक दिव्यांगत्व नोंदले गेल्यास, शिक्षण, परीक्षा आणि नोकरीतील सवलतींसाठी त्याचा उपयोग होतो. एसटीच्या प्रवास सवलतीची विचारणा आगारात आणि संजय गांधी निराधार अनुदान योजनेची विचारणा तहसील कार्यालयात करावी. ऊसतोडीसाठी किंवा वीटभट्टीवर दुसऱ्या जिल्ह्यात, दुसऱ्या राज्यात जाणाऱ्या कुटुंबांनी रुग्णाचे कार्ड, निश्चितीच्या अहवालाची प्रत आणि किमान महिन्याची औषधे बरोबर न्यावीत, कारण परक्या दवाखान्यात पहिला प्रश्न आजाराच्या नावाचा असतो आणि तो सांगता न आल्याने सलाईन व रक्तवाढीचे इंजेक्शन देऊन रुग्णाला परत पाठवले जाते.

गावाच्या हाती राहते ते मुख्यतः विचारणा करण्याचे काम. ग्रामसभेने वर्षातून दोनदा प्राथमिक आरोग्य केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांना बोलावून तीन गोष्टी विचाराव्यात: गावातील किती जणांची प्राथमिक चाचणी झाली, त्यांपैकी दोष आढळलेल्या किती जणांना निश्चितीचा अहवाल आणि समुपदेशन मिळाले, आणि हायड्रॉक्सीयुरियाचा साठा मागील सहा महिन्यांत किती दिवस संपलेला होता. ही माहिती फक्त आकड्यांत मागावी, नावांसह मागू नये, आणि उत्तर ठरावाच्या नोंदवहीत लिहून घ्यावे.